मापसाहेबांचा दगड

गल्लीत त्यांना सगळे मापसाहेब म्हणत. उभी हयात दुकानादुकानांतले तराजू आणि वजनं तपासण्यात गेलेली. पारड्याखाली कुणी मेण चिकटवलं, की साहेबांनी ते जप्त केलंच म्हणून समजा. निवृत्त झाल्यावर एवढी तयारीची नजर रिकामी बसेना. मग वडिलांचा जुना वस्तरा कपाटातून निघाला आणि दर रविवारी थोरल्या भावाची दाढी करायचं काम साहेबांनी अंगावर घेतलं.

दादांचा हात वर्षभरापासून थरथरत होता. त्या दाढीच्या तासाभरात दोघं भाऊ जेवढं बोलत, तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत बोलले नव्हते. साहेबांचा जीव त्या तासात अडकलेला असे.

पण वस्तरा मोठा लहरी. एका रविवारी अलगद फिरायचा, पुढच्या रविवारी केस उपटायचा. साहेबांनी काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. धार लावायच्या दगडावर मोजून चाळीस फेऱ्या, चामड्याच्या पट्ट्यावर साठ, पाणीसुद्धा चमच्याने. सगळं वहीत टिपलेलं. शेवटी पात्याचं टोक हातावर फिरवून बघायचे, केस सपासप उडायचे. दोन्ही हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाले होते.

"अहो, आता पायांवर येऊ नका म्हणजे मिळवली," बायको म्हणायची.

मागच्या रविवारी मात्र दादांच्या गालावर रक्त आलं. खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेले दादा टॉवेलने गाल दाबत म्हणाले, "अरे, तुझी माया कळते मला. पण पुन्हा असं झालं, तर मी आपला कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाईन."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही.

शनिवारी सकाळी ते पुन्हा फेऱ्या मोजायला बसले. बायको पलीकडे कापड बेतत होती. तिच्याच्याने बघवेना.

"सगळं तपासलंत. हा दगड तपासलात का कधी?"

"दगडात काय तपासायचंय?"

ती उठली आणि कापड बेतायची पोलादी पट्टी तिने दगडावर कडेवर उभी धरली. दगडाच्या मधोमध पट्टीखालून खिडकीतला उजेड दिसला.

"करा आता जप्ती!"

साहेबांनी वाकून पाहिलं. वर्षानुवर्षं घासून दगडाला खळगा पडला होता. पात्याची टोकं दगडाला लागत, मधला भाग अधांतरी. हातावर तपासायचे ते नेमकं टोक, म्हणून वस्तरा दर वेळी पास. दाढीला टोकाकडची बाजू लागली तर नशीब, मधली लागली की दादांचे हाल.

घरातली एक सुटी, सपाट काच निघाली, तिच्यावर ओला पॉलिश पेपर आला. साहेबांनी दगडावर पेन्सिलीच्या आडव्याउभ्या रेघा मारल्या आणि दगड पालथा घालून घासायला घेतला. कडेच्या रेघा लगेच गेल्या. मधल्या जाईपर्यंत दोघांनी आळीपाळीने हात मोडून घेतले. मग चाळीस फेऱ्या, साठ फेऱ्या. या वेळी टोक, मध्य आणि शेवट, तिन्ही जागा तपासायच्या होत्या आणि हातावर तर केसच नव्हते. साहेबांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला. बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी दादांनी बसताक्षणी खुर्चीचा हात घट्ट धरला. पहिला हात फिरला. दुसरा फिरला. दादांची मूठ सैल पडली. बोलता बोलता ते थांबले, तसे साहेब घाबरले. मग घोरणं ऐकू आलं.

साहेबांनी वस्तरा मिटला आणि हलकेच स्टूल ओढून शेजारी बसले. बायको दारातून खुणेनेच "उठवा" म्हणाली. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

दादा जागे झाले. एका गालावरून हात फिरवला, दुसऱ्यावर वाळलेला फेस लागला.

"अर्धीच केलीस?"

"तू झोपलास, दादा."

"मग कर की बाकीची. आणि पुढच्या रविवारी जरा जास्त वाढवून आणतो."

साहेबांनी पुन्हा फेस करायला घेतला.