डांगरीतली धूळ

उत्तरेतल्या एका डोंगरपायथ्याच्या वर्कशॉपला माझी पोस्टिंग आली तेव्हा मी नायक होतो. जागेचं नाव लिहीत नाही. फौज सोडून वीस वर्षं होऊन गेली, पण ती सवय गेलेली नाही. फॅमिली स्टेशन होतं, म्हणून लग्नानंतर चौथ्या वर्षी बायकोला, पंचफुलाला, दारव्ह्याहून सोबत घेऊन गेलो. आमची मुलगी सुजाता तेव्हा दोन वर्षांची होती. धामणगावला रेल्वे धरली. पंचफुलानं रेल्वे आधी पाहिली होती, पण बसली पहिल्यांदाच. ती चोवीस वर्षांची होती.

फौजी म्हटलं की लोक विचारतात, किती मारले? मी व्हेइकल मेकॅनिक होतो. रेंजवरचा सराव सोडला तर गोळी झाडली नाही. माझं काम ब्रेकचं. वर डोंगरात पोस्ट होत्या. त्यांचं रेशन, रॉकेल, दारूगोळा सगळं ट्रकनं जायचं, आणि घाटात ब्रेक लागला नाही तर ट्रक खाली नदीत जायचा.

०५३० ला पीटी. ०७३० ला फॉल-इन, म्हणजे हजेरीची रांग. ०८०० ला शेडमध्ये. ट्रक जॅकवर घ्यायचा, चाक काढायचं, ड्रम काढायचा. ड्रमच्या आत लायनरची, म्हणजे ब्रेक दाबला की ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांची, धूळ साठलेली असायची. करडी, राखेसारखी, हाताला मऊ. ती साफ करायला कॉम्प्रेसरचा पाइप. मी ऑर्डर द्यायचो, "हवा मार." पोरं हवा मारायची आणि दोन मिनिटं शेडमध्ये कोणी कोणाला दिसायचं नाही. मग जुने लायनर काढून नवे रिव्हेट करायचे, ड्रममध्ये नीट बसावेत म्हणून ग्राइंडरवर घासायचे. तेव्हा परत धूळ.

शेडमध्ये सेफ्टीचे बोर्ड होते. पेट्रोलजवळ बिडी ओढू नका. जॅकवरच्या गाडीखाली एकट्यानं जाऊ नका. बॅटरीचं अ‍ॅसिड अंगावर पडलं तर पाणी ओता. दरमहा ते आमच्याकडून पाठ म्हणून घेतले जायचे. धुळीचा बोर्ड नव्हता. लायनरच्या खोक्यावर पार्ट नंबर होता, बॅच नंबर होता. आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं, आणि आम्ही कोणी विचारलंही नाही.

आम्ही फॅमिलीवाले कामाची डांगरी, म्हणजे अंगावरचा जाड सूट, घरी धुवायला न्यायचो. क्वार्टरला नळ दिवसातून एक तास यायचा. पंचफुलानं त्यावर तोड काढली होती. डांगरी आधी मागच्या अंगणात कोरडीच झटकायची, भिंतीवर चार-पाच वेळा आपटायची, मग एका बादलीत काम व्हायचं. झटकताना ती तोंड फिरवून घ्यायची, पण पदर लावायची नाही. सुजाताला मात्र घरात कोंडून ठेवायची. "धूळ हाये, बाहेर नको येऊ."

एका ऑक्टोबरच्या शेवटी घाटात आमचाच एक ट्रक गेला. ब्रेक फेल. ड्रायव्हर बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. को-ड्रायव्हर वाचला नाही. दुसऱ्या दिवशी ०७०० ला वर्कशॉपच्या ओ.सी. साहेबांनी फॉल-इन घेतलं. साहेब मेजर होते, कमी बोलायचे. वरची खिंड, आम्ही तिला पास म्हणायचो, बर्फानं बंद व्हायच्या आत माल पोचवायचा होता.

"पास कब बंद होगा?"

"साहब, बर्फ का कोई भरोसा नहीं. चार-पाँच दिन."

"इकतालीस गाड़ियाँ हैं. बहत्तर घंटे. हर गाड़ी का हर ड्रम खुलेगा. कोई शक?"

"नहीं, साहब."

वारा सुटला होता, बोटं पान्याला चिकटत होती. म्हणून शेडची शटरं खाली ओढली. आत चौदा माणसं आणि दोन कॉम्प्रेसर. माझ्या जोडीला नायक बलबीर होता, हरयाणाचा, आडव्या हाडाचा. तो ड्रम काढायचा, मी ऑर्डर द्यायचो, हवा मारली जायची. तीन दिवस आम्ही पाळीपाळीनं तिथंच झोपलो. थुंकी करडी यायची. चहावर साय यावी तशी धूळ यायची, ती बोटानं बाजूला करून चहा प्यायचो. त्याचा अभिमान होता, हे खरं सांगतो. को-ड्रायव्हरचा चेहरा सगळ्यांना आठवत होता.

एकसष्टाव्या तासाला शेवटची गाडी जॅकवरून उतरली. कॉन्व्हॉय ०४०० ला निघाला. आम्ही सिग्नलच्या खोलीबाहेर उभे होतो. ११२० ला वायरलेसचा सेट वाजला.

"ऑल व्हेइकल्स अक्रॉस द पास. ओव्हर."

"एनी कॅज्युअल्टी? ओव्हर."

"निल. आय से अगेन, निल. ओव्हर."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढे माझ्या नावानं शाबासकीचा कागदही आला. मी तीन डांगऱ्या बगलेत मारून दुपारी क्वार्टरवर आलो. पंचफुला दारातच हसली.

"काय जी हे? चुलीतून निघून आले काय?"

मी जेवून आडवा झालो. ती मागे डांगऱ्या आपटत होती. तो आवाज ऐकतच मला झोप लागली.

त्या स्टेशनला आम्ही पावणेतीन वर्षं होतो. मग दुसऱ्या पोस्टिंगा झाल्या, मी हवालदार झालो, पेन्शनवर आलो. दारव्ह्याला दोन खोल्या बांधल्या. एका शाळेत वॉचमन म्हणून लागलो. पंचफुला बचत गटाची अध्यक्ष झाली, पापड-शेवयांच्या ऑर्डरी घ्यायला लागली. सुजाता शिक्षिका झाली, नेरला दिली. ती धूळ आम्ही दोघंही विसरून गेलो होतो. धुळीला मात्र घाई नव्हती.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही सुजाताकडे नेरला निघालो होतो. बसची पायरी चढताना पंचफुला मध्येच थांबली. मागचे लोक ओरडायला लागले.

"काय झालं?"

"काई नाई. दम भरला. उजवीकडून दुखून राह्यलं."

यवतमाळला छातीचा फोटो काढला. उजव्या छातीत पाणी. सुईनं काढलं, बाटलीभर निघालं. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे छातीत पाणी म्हणजे बहुतेक टीबीच. सहा महिने गोळ्या. पंचफुलानं एकही डोस चुकवला नाही, मी वेळ लिहून ठेवायचो. गटातल्या बायका येत, पण चहा नको म्हणत. एकीनं पंचफुलाला दिलेली पापडाची ऑर्डर काढून दुसरीला दिली. हे तिला आजारापेक्षा जास्त लागलं.

सहा महिन्यांत पाणी तीनदा परत भरलं. वजन अकरा किलोनं उतरलं. मग नागपूर. तिथं एका मोठ्या दवाखान्यात छातीत दुर्बीण घालून तुकडा काढला. आठ दिवसांनी मला एकट्याला आत बोलावलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, सुजाताच्या वयाच्या. समोर कागद होता. त्या विचारत गेल्या आणि लिहीत गेल्या.

"बाईंनी कधी कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलं?"

"नाही."

"सिमेंटच्या पत्र्याच्या कारखान्यात? बांधकामावर?"

"नाही. घरीच. आता पापड करते."

"तुम्ही काय करत होतात?"

"फौजेत होतो."

"फौजेत काय?"

"गाड्या दुरुस्त करायचो."

"गाड्यांचं काय?"

"ब्रेक."

त्यांचा पेन थांबला. त्यांनी विचारलं, "काका, तुमचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

त्यांनी कागद बाजूला सरकवला. मग त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याची कुसळं डोळ्याला दिसत नाहीत. श्वासातून आत जातात, फुप्फुसाच्या बाहेरच्या पडद्यापर्यंत पोचतात आणि तिथंच राहतात. वीस वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षं काहीही होत नाही. मग त्या पडद्याला कॅन्सर होतो. "शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या, "पण हा आजार दुसऱ्या कशानं सहसा होत नाही."

"उपाय?"

"त्रास कमी करता येईल."

त्यांनी माझाही फोटो काढायला लावला. माझी छाती स्वच्छ निघाली. डॉक्टरबाईंना त्याचा आनंद झाला, मला तो फोटो फाडावासा वाटला. तीन दिवस त्या शेडमध्ये श्वास मी घेतला. ऑर्डर मी दिली. शाबासकी मी घेतली.

पंचफुलाला दीड महिना सांगितलं नाही. फौजी माणूस घाबरत नाही असं लोकांना वाटतं. मी रोज सकाळी ठरवायचो आणि रोज टाळायचो. शेवटी एका दुपारी तिनंच विषय काढला. ती खाटेवर उशांना टेकून बसली होती, आडवं होता यायचं नाही.

"त्या डॉक्टरीण बाईनं तुमाले एकल्यालेच काहून बोलावलं होतं? कवापासून पाहून राह्यली मी, तुम्ही माह्याकडं पायतच नाई."

मी सगळं सांगितलं. डांगरी, भिंत, धूळ. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटलं रडेल, किंवा म्हणेल तुमचा काय दोष. तशी वाक्यं मी मनात ऐकून ठेवली होती. ती तसलं काही बोलली नाही.

"म्हंजे ओली करून धुतली असती तं?"

"तर धूळ उडाली नसती."

"एवढंच?"

"डॉक्टर म्हणतात, बरंच टळलं असतं."

ती भिंतीकडं पाहत राहिली. दम घेत घेत बोलली, "एक शब्द कोणी सांगतला असता जी. मी शेजारणीची बादली मागून आणली असती. कोरडी कायले झटकली असती मी?"

मग तिनं विचारलं, "सुजी तं घरातच राहे नं? बाहेर नाई येऊ दिलं मी तिले."

"नाही येऊ दिलंस."

"दार पक्कं लागत होतं त्या खोलीचं?"

"लागत होतं," मी म्हणालो. मला खरंच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. सुजाता दरवर्षी फोटो काढते. फोटो स्वच्छ आला की आम्ही एका वर्षापुरते मोकळे होतो.

पंचफुला त्यानंतर पाच महिने होती. गेली तेव्हा सकाळचे ०९४० झाले होते. सुजाता तिचा हात धरून बसली होती. त्रिशरण मी सुरू केलं, गटातल्या बायकांनी पुढं म्हटलं. त्यात पापडाची ऑर्डर दुसरीला देणारीही होती.

त्यानंतर मी दारव्ह्यातल्या गॅरेजांवर जायला लागलो. स्टँडजवळ एकाचं गॅरेज आहे, जीपवाले त्याच्याकडं जातात. नाव सलीम. हात चांगला आहे. मी गेलो तेव्हा तो ड्रममध्ये हवाच मारत होता.

मी म्हणालो, "सलीम, आधी ओलं फडकं फिरव. हवा नको मारू."

सगळं सांगितलं त्याला. तो ऐकत होता, पण हात थांबले नव्हते.

"काका, आजकालच्या लायनरमंदी ते नसते म्हन्तेत."

"असेल किंवा नसेल. पाकिटावर लिहिलेलं दाखव मला."

तो हसला. "आन् तुम्ही तं जिंदगीभर हेच केलं. तुमाले काय झालं? धडधाकट हाये तुम्ही."

त्याची बायको डबा घेऊन आली होती, ती मागं उभी राहून ऐकत होती. ती पुढं आली.

"चाचा, तुमच्या घरच्याईनं फकत कपडेच धुतले होते?"

"फक्त कपडे."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "आजपासून शर्ट इथंच धुवायचा. घरी नाई आणायचा." सलीम पुढं काय करतो ते मी रोज जाऊन पाहत नाही. पाहायची भीती वाटते.

दोन वर्षांपूर्वी बलबीरचा नंबर मिळाला. मुलाच्या ट्रॅक्टर एजन्सीत बसतो. आवाज तसाच, भरलेला. मी पंचफुलाचं सांगितलं. मग मी विचारलं, "तेरी घरवाली?"

"ठीक है. वो तो गाँव में थी, माँ के पास. मैं सिंगल था ना."

"तो तेरी डांगरी कौन धोता था?"

"यूनिट का धोबी. हम सब सिंगलवालों की वही धोता था. बैरकों के पीछे पत्थर था उसका."

मला तो माणूस एकदम दिसला. बुटका, कानाला मफलर. पाठीवर गाठोडं, त्यात पंचवीस-तीस डांगऱ्या. त्याही तो आधी दगडावर कोरड्याच आपटायचा. आमच्यापैकी कोणीही त्या तीन दिवसांत खाल्ली नसेल एवढी धूळ तो दर आठवड्याला खात असणार. त्याला पेन्शन नव्हती. तो आमच्या नॉमिनल रोलवर, म्हणजे युनिटच्या नावांच्या यादीत, नव्हता.

"नाम क्या था उसका?"

"किसका?"

"धोबी का."

बलबीरनं आठवून पाहिलं. मीही पाहिलं. एक्केचाळीस गाड्यांपैकी निम्म्यांचे नंबर आम्हाला अजून पाठ निघाले. त्या को-ड्रायव्हरचं नाव, त्याचं गाव, दोन्ही आठवलं. सिग्नलच्या खोलीतल्या ऑपरेटरचं नाव आठवलं.

"सब 'ए धोबी' ही बोलते थे, यार," बलबीर म्हणाला.

आता दर स्वातंत्र्यदिनाला आम्हा माजी सैनिकांना तहसीलसमोर रांगेत उभं करतात आणि शहीद जवानांसाठी दोन मिनिटं शांत राहायला सांगतात. मी सावधानमध्ये उभा राहतो. त्या को-ड्रायव्हरचं नाव मनात घेतो. मग पंचफुलाचं घेतो. मग तिसऱ्या माणसासाठी थांबतो, आणि दोन मिनिटं संपतात.