हलकं काम आणि हाताजोगं काम

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून मी निघाले तेव्हा टॅक्सीच्या डिकीत सूटकेस मावेना आणि ती कशी मावेल यावर अख्खी आळी सल्ले देत होती. आईने वालाची पुरचुंडी माझ्या पर्समध्ये कोंबली. "कस्टमवाल्याने विचारलं तर औषध आहे म्हणून सांग," म्हणाली. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नवरा आधीच कॅनडाला पोचला होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, दारात उभे होते आणि त्यांनी मला डाव्या हाताने निरोप दिला. उजवा हात खिशात होता. तो कायम तिथेच असायचा.

त्या हाताची तीन बोटं अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनखाली गेली होती, तेव्हा मी नववीत होते. अंगठा आणि शेजारचं बोट उरलं. कंपनीने सांगितलं, "आता आराम करा." चाळिशीतल्या माणसाला असा आराम मिळाला की काय होतं ते आम्ही घरात पाहिलं. डबा न्यायचा नसला तरी ते सहाला आंघोळ करून, शर्ट इस्त्रीचा घालून बसत, आणि मग दिवसभर कुठेच जात नसत. आई शहाणी बाई. तिने एक दिवस भिजवलेल्या वालांचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. "घ्या. हे तुमच्या हाताजोगं आहे." दोन बोटांनी ते वाल सोलायचे, अगदी झरझर. पण दारात कोणी आलं रे आलं की ताट माझ्याकडे सरकायचं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर गेले त्यांना पहिली नोकरी कशी मिळते ते सांगायला नको. मी एका लाकूड कापायच्या मिलच्या ऑफिसात फायली लावत होते. तिथे एका कामगाराचा हात यंत्रात सापडला. चौथ्या दिवशी त्याचा सुपरवायझर त्याच्या घरी गेला, काय तर विचारायला, की बाबा, बरा झालास की तुला काय काय जमेल? तुझी जागा ठेवलीय. मी ती नोंद फाइलला लावली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. दुःखाने नाही, रागाने. अप्पांना हे एवढं विचारायला एक माणूस का आला नाही?

मग मी त्याच कामात शिरले. जखमी कामगाराला परत कामावर आणायचं रीतसर शास्त्र असतं, त्याचं ट्रेनिंग असतं, आणि ते देशोदेशी शिकवतात. मी शिकले, पुढे शिकवू लागले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हा कोर्स भारतात न्यायचा, तिथल्या पद्धतीने बसवायचा असं ठरलं, तेव्हा हात वर करणारी पहिली मीच. अंबरनाथचा एक कारखाना तयार झाला (अप्पांचा नव्हे), पण अट घालून. त्यांच्याकडे बाळाराम नावाचा प्रेस ऑपरेटर होता, जवळच्याच खरवई गावचा, बारा वर्षांची नोकरी. त्याचा डावा पंजा चेंगरला होता. राजीनाम्याचा कागद टाइप होऊन तयार होता. कोर्स करून सोमवारपर्यंत तो कामावर आला तर ठीक, नाहीतर सही घ्यायची आणि मी माझी पुस्तकं घेऊन विमानात बसायचं.

कोर्सच्या पुस्तिकेचं मराठी मी स्वतः केलं. तिकडे दुखापतीनंतर सुरुवातीला जे सोपं काम देतात त्याला 'लाइट ड्युटी' म्हणतात. मी लिहिलं, 'हलकं काम'. उल्हासनगरला छापायला दिलं तर तो सिंधी छापखानेवाला प्रूफ वाचता वाचता थांबला. "दीदी, हल्का मतलब तो घटिया माल होता है ना?" मी म्हटलं, साईं, मराठी माझी आहे, तुम्ही छापा. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा परदेशातून आल्याचा माज होता थोडा.

शुक्रवारी अंबरनाथ पश्चिमेच्या एका हॉलमध्ये वर्ग भरला. सुपरवायझर, युनियनवाले, कामगार, आणि पहिल्या रांगेत पंजाला पट्टी बांधलेला बाळाराम. मी जोरात वाचलं: "जखमी कामगाराला आधी हलकं काम द्यावं." तो उठला.

"ताई, माझा हात गेलाय, इज्जत नाय गेली. हलकी कामं आमच्यात कोनी केली नाय. मी नाय येनार."

आणि गेला. कारखान्याचा मॅनेजर माझ्याकडे बघून हसला. म्हणजे बघा, कामगारालाच नकोय.

मी घरी येऊन आदळआपट केली. जन्मभर हलकं काम, हलक्या कानाचा, हलकट ऐकत मोठी झाले आणि ऐन वेळी डोकं कुठे गेलं होतं? आई भाकऱ्या थापत होती. मागे न बघता म्हणाली, "हाताजोगं म्हणायचं गं. तुला ठाऊक नव्हतं होय?" सकाळी बघते तर अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "चल, खरवईला."

कोर्सच्या पुस्तकात मुलाखत एकट्या कामगाराची घ्यायची असते. खरवईत ओटीवर बाळारामचा बाप, आई, बायको, चुलता, सगळे बसले होते आणि बाळाराम कोपऱ्यात. पुस्तक मी पिशवीतून काढलंच नाही. चहा आला. अप्पांनी कप घ्यायला उजवा हात खिशातून काढला. परक्या घरात त्यांना असं करताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"माझा पण प्रेसवरच गेला," ते म्हणाले. "मला बोलवायला कोणी आलं नव्हतं. तुला आलेत. शब्द चुकला पोरीचा, पण पोरगी चुकीची नाही. हलकं नव्हे रे, हाताजोगं काम. तुला काय येतं ते सांग."

मग बाप बाळारामला म्हणाला, "सांग की, इचारतायत तर."

"डाय सरकली तर मना आवाजावरून कलतं," बाळाराम म्हणाला. "बघायला पन लागत नाय."

झालं की काम. प्रेसच्या रांगेतून फिरायचं, डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, तपासायच्या, नव्या ऑपरेटरना शिकवायचं. पंजा लागतो कुठे? कोर्समध्ये त्या दिवशी मी पहिला बदल केला: मुलाखत घरी, घरच्यांसमोर, चहा घेऊन.

रविवारी छापखानेवाल्याने 'हाताजोगं' छापलेल्या पट्ट्या कापून दिल्या. "बोला था ना, दीदी," एवढंच म्हणाला, आणि मी मुकाट ऐकून घेतलं. घरी आईने मैद्याची खळ शिजवली. अप्पा दोन बोटांनी एकेक पट्टी उचलून जुन्या शब्दावर बसवत होते, जराही तिरकी नाही. शेजारचे काका डोकावले तेव्हा मी सवयीने गठ्ठा माझ्याकडे ओढायला गेले. "राहू दे," अप्पा म्हणाले. "माझं काम आहे."

सोमवारी बाळाराम आला. पट्टी बांधलेल्या हाताने कार्ड धरलं, उजव्याने पंच केलं आणि आत गेला. तासाभरात त्याने एक मशीन थांबवायला लावलं. उघडून बघितलं तर डाय खरंच सरकलेली. मॅनेजरने राजीनाम्याचा कागद माझ्यासमोर फाडला. मी हसले, चांगली दात दाखवून हसले. कोर्स चालू राहिला, पुढे शेजारच्या कारखान्यांत गेला, आणि शिकवणाऱ्यांमध्ये पुढल्या वर्षी बाळाराम स्वतः उभा होता.

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे गेलेल्यांनो, घर कुठलं असं मला दोन्हीकडे विचारतात. पूर्वी मी गडबडायचे. आता सांगते, आपल्याजोगं काम जिथे कोणीतरी राखून ठेवतं ते घर. माझं बदलापुरात राखलेलं होतं, मला ते घ्यायला यायला उशीर झाला इतकंच.

परत निघाले तेव्हाही हेंद्रेपाड्यात टॅक्सीभोवती आळी जमली होती आणि वालाची पुरचुंडी पर्समध्ये होती. गाडी वळली. मी मागे पाहिलं. अप्पा दारात उभे होते आणि सगळ्या आळीसमोर उजवा हात उंच करून हलवत होते.