गप्प राहण्याचा पगार

मी ज्या कंपनीत नोकरी करते तिचा धंदा जुगाराचा आहे. आमच्या घरात हा शब्द कुणी वापरत नाही. आई विचारणाऱ्यांना ‘घोड्याच्या शर्यतीची कंपनी’ एवढंच सांगते, आणि त्या घोड्यांवर लोक मोबाइलवरून पैसे लावतात हे गिळून टाकते. ऑफिस मुंबईत, मी वाशिमकडच्या आसेगावला. बाळंतपणानंतर घरूनच काम करायची परवानगी मिळाली, तेव्हापासून माझं टेबल माहेरच्या मधल्या खोलीत, तुरीच्या पोत्यांशेजारी आहे. संचालकांच्या बैठकीचे कागद तयार करणं हे माझं काम. कंपनीत जे काही शिजतं त्याचा वास मला आधी येतो.

तो वास कुणाला सांगायचा नाही, ही नोकरीची पहिली अट. आतली बातमी ज्याला कळली त्याने ती जाहीर होईपर्यंत कंपनीचे शेअर घ्यायचे नाहीत, विकायचे नाहीत आणि दुसऱ्याला सुचवायचंही नाही. सुचवलं तर नोकरी जाते, वर खटला. दर तीन महिन्यांनी ही सूचना सगळ्यांना मीच पाठवते.

मेडशीचा माझा मामा या भानगडीत माझ्यामुळेच आला. मला नोकरी लागली तेव्हा ‘आपल्या पोरीची कंपनी’ म्हणून त्याने कौतुकाने थोडे शेअर घेतले. मी तेव्हा हसले होते. हसायचं सोडून तिथेच झापायला हवं होतं.

मागच्या हिवाळ्यात दोन कागद एकाच दिवशी माझ्यापुढे आले. पहिल्यात होतं की एका राज्यातला परवाना जाणार आणि आमचा अर्धा धंदा बसणार. दुसऱ्यात मोठ्या साहेबांचा पगार वाढवायचा ठराव होता. वाढीचं कारण मलाच लिहायचं होतं. ‘कठीण काळातील खंबीर नेतृत्व लक्षात घेऊन’, असं मी लिहिलं. मनातल्या मनात वऱ्हाडीत शिव्या दिल्या आणि इंग्रजीत ठराव पूर्ण केला.

त्याच आठवड्यात मामा आला. मेडशीहून वाशिम, तिथून दुसरी एसटी, पिशवीत ओला हरभरा. मामीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरत होतं. ‘उन्हाळ्याआधी या,’ असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मामाने त्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते. मामी तोवर घरातल्या घरात बसत बसत सरकायला लागली होती.

“काय म्हन्ते बाई तुही कंपनी?” जेवताना त्याने विचारलं.

एरवी मी ऑफिसच्या चहाड्या सांगायला टपलेलीच असते. त्या दिवशी घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. ‘मामा, विक.’ एवढंच म्हणायचं होतं. म्हणावं तर मी गुन्हेगार, न म्हणावं तर मामा बुडणार. इकडे आड, तिकडे विहीर. बरं, त्याचे शेअर ते किती, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.

“मले त्यातलं काई इचारू नको, मामा,” मी म्हणाले आणि भाजी आणायच्या निमित्ताने उठले.

परत आले तर तो गालात हसत होता. मला वाटलं, समजला बिचारा. जाताना माझ्या लेकीच्या मुठीत नोट कोंबून तो खुशीत गेला.

तीन आठवड्यांनी बातमी जाहीर झाली आणि शेअर धाडकन आपटला. मीच मामाला फोन केला. तो म्हणाला, “तुह्या मामीचे पैसे होते त्याच्यात.”

“ऑपरेशनचे? कवा टाकले?”

“तुह्या घरून आलो ना, दुसऱ्याच रोजी.”

“काहून पन?”

“तू चूप होती ना व.” आणि त्याने मला समजावून सांगितलं. तरुणपणी पंधरा वर्षं त्याने शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, स्वतःची जोडी पळवली होती. “पटावर ज्याची जोडी खरंच पयते, तो आदल्या रोजी बोलत नाई. जो लय फुशारक्या मारते, त्याची जोडी अर्ध्यातूनच धाव सोडून फाटते. तू एवढी बोलकी पोरगी, अन् चूप बसली. मी म्हनलं, मोठी खबर हाये.”

मी फोन ठेवला आणि पोत्यांना टेकून रडले. नियम पाळला म्हणून रडले, हे कुणाला सांगू?

पुढच्या आठवड्यात भागधारकांची यादी माझ्याकडे आली. मोठ्या साहेबांच्या मेव्हण्याने त्याचे सगळे शेअर बातमीच्या आधीच, चढ्या भावात विकले होते. मी वरिष्ठांना लेखी कळवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘पाहतो.’ मग त्यांचा फोन आला. बाळ कसं आहे, घरून काम करायची सोय किती बरी पडते, मुंबईला परत यावं लागलं तर कसं जमवशील, अशी बरीच विचारपूस त्यांनी केली. मी ‘हो सर’ म्हणत राहिले. पगार एक तारखेला जमा झाला. साहेबांचा वाढीव पगारही झाला.

शेवटी मी मेडशीला गेले. मामाने खाट टाकली. मामी चुलीपाशी पाय लांब करून बसली होती, तिथूनच तिने माझ्याकडे चहा सरकवला.

“खरं सांग,” मामा म्हणाला, “तुले मालूम होतं का?”

“होतं.”

“अन् तुह्या सायबाले?”

“त्यालेबी. त्याच्या साल्यानं आधीच इकून टाकले.”

मामीने गुडघ्यावरून लुगडं सारखं केलं.

“मंजे चोरी तुह्या सायबानं केली, बाई,” ती म्हणाली, “अन् तुही इमानदारी माह्या गुडघ्यायच्या जिवावर झाली.”