पुलावरच्या राक्षसाशी बोलणी

तो राक्षस पहिल्याच रविवारी मरायला हवा होता. मी त्याला मरण्यासाठीच पुलावर उभा केला होता. पूल ओलांडला की पलीकडे अख्खं राज्य होतं. सात किल्ले, एक शापित खाडी, जमिनीखालचं शहर, सगळं मी कॉलेजच्या मागच्या बाकावर बसून सहा महिने आलेखाच्या कागदांवर काढलं होतं. त्यातलं काहीही कुणाला दिसलं नाही. तीन रविवार आमची मोहीम पुलाच्या अलीकडेच बसून राहिली, आणि त्याला कारण माझी मोठी बहीण.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी वसईहून मुंबईला कॉलेजात जात होतो. वर्गातल्या एकाचा मामा बोटीवर होता. त्याने परदेशातून एक जाडजूड पुस्तक आणि चित्रविचित्र फासे आणले होते. खेळ असा की पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. हा पुस्तकवाला वर्गमित्र आणि त्याचा एक सोबती हॉस्टेलच्या खोलीत दोन वर्षं हा खेळ खेळत होते. मला ते नुसतं बघू देत. सहा महिने मी दाराशी बसून बघितलं. शेवटी एकदा पुस्तकवाला म्हणाला की तुला गोष्ट चालवायची असेल तर जागा तुझी आण, आणि आणखी दोन माणसंही आण. मला आभाळ ठेंगणं झालं.

जागा म्हणजे आमची ओटी. माणसं म्हणजे घरात सापडली ती. एक माझा शाळूसोबती, मिठागराकडच्या गावातला, गोखिवऱ्याला कारखान्यात पाळीवर जाणारा. दुसरी बहीण. ती गावच्या शाळेत शिकवत होती. सकाळी शाळेआधी वाडीतली फुलं तोडायची, संध्याकाळी वह्या, रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आणि मग आईबरोबर चूल. तिला विचारलं तेव्हा ती नको म्हणेल अशीच माझी खात्री होती. ती हो म्हणाली, आणि वर आईला सांगून आली की रविवारी तीन ते सहा मला हाक मारू नकोस. आईला असं सांगताना मी तिला तोवर कधी ऐकलं नव्हतं. ते तीन तास तिला हवे होते. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, म्हणून पुढचं सांगताना मला स्वतःला माफ करता येत नाही.

घोडं पहिल्या मिनिटालाच अडलं. पुस्तकात लिहिलं होतं की चौघे अनोळखी प्रवासी एका धर्मशाळेत भेटतात. मी तसं मोठ्या आवाजात सांगितलं. माझ्या शाळूसोबत्याने लगेच पुस्तकवाल्याच्या मांत्रिकाला विचारलं, तू कुठल्या गावचा, कुणाचा? पुस्तकवाला म्हणाला, माझा भूतकाळ गूढ आहे. हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. ज्याचा बाप कोण ते माहीत नाही त्याच्याबरोबर रानात कोण जाईल, असं बहिणीचंही म्हणणं पडलं. अर्धा तास नाती जुळवण्यात गेला. मांत्रिक हा बहिणीने खेळात घेतलेल्या वैदूबाईचा दूरचा मावसभाऊ ठरला तेव्हा कुठे मंडळी धर्मशाळेतून बाहेर पडली.

त्यात वीस बाजूंचा फासा हॉस्टेलात हरवलेला. बहिणीने चर्चच्या हाऊजीच्या सोंगट्या आणल्या, एक ते वीस आकडे निवडून कापडी पिशवीत घातले, आणि म्हणाली, हात घाला आणि काढा. युक्ती झकास होती. पुस्तकवाल्याने नाक मुरडलं, आणि मला युक्तीचं कौतुक वाटायच्या आधी लाज वाटली.

मग पूल आला. पुलावर राक्षस. पुस्तकवाला आणि त्याचा सोबती खुर्चीत सरसावून बसले, एकाने तलवार काढली, दुसरा अग्निमंत्र म्हणायला लागला. बहीण म्हणाली, थांबा, आधी सभा घेऊ.

मी आजही हे लिहिताना दात खातो. आमच्या भागात प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या संस्थेत असतो. पतपेढी, दूध, भाजी, महिला मंडळ, सगळं सभेने चालतं. बहीण महिला मंडळाची चिटणीस होती. तिने शंभर पानी वही काढली, हजर सभासद लिहिले, माझ्या शाळूसोबत्याला अध्यक्ष केलं आणि ठराव मांडला, की राक्षसावर हल्ला करण्यापूर्वी तो पुलावर का बसला आहे याची चौकशी करावी. अनुमोदन मिळालं. विरोधात दोन, बाजूने दोन, अध्यक्षांचं जादा मत बाजूने. मुंबईचे दोघे माझ्याकडे बघत राहिले. घड्याळात साडेपाच झाले होते.

दुसऱ्या रविवारची सुरुवात मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झाली. वाचून ते कायम करण्यात आलं. मग चौकशी. माझ्या राक्षसाकडे ताकद होती, गदा होती, चिलखत होतं. बोलायला त्याच्याकडे काही नव्हतं, कारण मी त्याला काही दिलंच नव्हतं. माझा शाळूसोबती पुढे सरकून, अगदी मनापासून विचारत होता, "तुज्या घरी कोन कोन हाय? हिथं दिवसभर उभा ऱ्हातोस, तुला पानी कोन आनून देतं?"

मी काहीतरी ठोकून दिलं. बायको आहे म्हणालो. बहिणीने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं की मग ती कुठे आहे. मला राक्षसाची बायको, तिचं माहेर, तिचं आजारपण, सगळं तिथल्या तिथे रचावं लागलं. नाकी नऊ आले. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझी गोष्ट पहिल्यांदा जिवंत झाली होती, पण हे मला कळायला वीस वर्षं लागली. तेव्हा मला फक्त पुस्तकवाल्याची जांभई दिसत होती.

एस.टी.च्या थांब्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. रस्ताभर पुस्तकवाला बोलत होता. नवीन लोकांना नियम कळत नाहीत हे ठीक, पण तुझी ताई खेळच चालू देत नाही, आम्ही काय सोसायटीची मीटिंग ऐकायला एवढ्या लांब येतो का. सोबती म्हणाला, तिची वैदूबाई मेली तर बरं होईल. दोघे हसले. मग पुस्तकवाला गंभीर होऊन म्हणाला, "पुढच्या संडेला गेम नीट चालला तर आम्ही येतो. नाहीतर राहू दे, यार."

आठवडाभर मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. बहिणीला समजावायला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा तीच मला वही उघडून विचारायला लागली की राक्षसाच्या बायकोला ताप किती दिवस आहे. तिने तिच्या वैदूबाईसाठी औषधं शोधून ठेवली होती. शाळेच्या ग्रंथालयातून वनस्पतींचं पुस्तक आणलं होतं. सांगायला गेलो होतो ते तसंच राहिलं, आणि त्याचाही राग मी तिच्यावरच काढला. चहा पाणचट आहे म्हणालो.

तिसऱ्या रविवारी ठराव झाला की वैदूबाईने शस्त्र न घेता एकटीने पुलावर जावं आणि औषध द्यावं. नियम सरळ होता. मी राक्षसाच्या नावाने सोंगटी काढायची. दहाच्या वर आकडा आला तर तो हल्ला करणार, दहा किंवा खाली आला तर औषध घेणार. मी समोर फाईलचा पुठ्ठा उभा धरला आणि पिशवीत हात घातला.

सहा आला.

मी पुस्तकवाल्याकडे बघितलं. तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

"सतरा," मी म्हणालो. सोंगटी पिशवीत टाकली आणि गदेचा घाव कसा बसला ते वर्णन करून सांगितलं. वर्णनही चांगलं केलं. वैदूबाई पुलावरच गेली. माझा शाळूसोबती म्हणाला की सोंगटी दाखव. मी सांगितलं की गोष्ट सांगणारा दाखवत नसतो, तसा नियमच आहे. बहिणीने वही मिटली आणि चहा टाकायला आत गेली. ती बाहेर आली तोवर मुंबईच्या दोघांनी राक्षसाला मारलं होतं. दहा मिनिटं लागली. शाबास, आता कसं, असं म्हणत पुस्तकवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

पुढच्या रविवारी मी पलीकडच्या राज्याचे नकाशे ओटीवर मांडून बसलो. तीन वाजले, चार वाजले. माझ्या शाळूसोबत्याने रविवारची पाळी मागून घेतल्याचा निरोप आला. मुंबईचे दोघे आलेच नाहीत. सोमवारी कॉलेजात भेटले तेव्हा म्हणाले की हॉस्टेलातच पुन्हा सुरू केलंय, एवढ्या लांब कोण येणार. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

आठवडाभर धुमसून मी रविवारी तीन वाजता बहिणीकडे गेलो. ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून वह्या तपासत होती. म्हटलं, आपण दोघंच खेळू; मेलेल्या माणसाला परत आणायचा मंत्र पुस्तकात आहे, वैदूबाईला मी उठवतो. तिने लाल पेन खाली ठेवलं नाही.

"सहा होता," ती म्हणाली. आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो. त्या बोलीत हे आणखी साधं वाटतं. "मी तुझ्या डाव्या हाताला बसले होते. मला दिसला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुझ्या मित्रांसमोर? तू खोटा पडला असतास." तिने एका गणितावर बरोबरची खूण केली. "मला खेळातून उठवायचंच होतं तर नुसतं सांगायचं होतंस. मी उठले असते."

आतून आईने तिला हाक मारली. तीन ते सहामधलीच वेळ होती. बहीण उठली आणि आत गेली.