दोन घरं आणि नानांचं एक वाक्य

धुळ्याच्या देवपुरातलं आमचं घर आणि शेजारचं अक्कांचं घर एकाच ठेकेदाराने एकाच वेळी बांधलेलं. मधली भिंत सामाईक आणि नकाशा तोच, फक्त उलटा. आमचं स्वयंपाकघर उजवीकडे, त्यांचं डावीकडे. माझे वडील आणि अक्कांचे यजमान एकाच ऑफिसात होते, त्यांनी प्लॉटही जोडीनेच घेतले. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. अक्कांचे यजमान जाऊन आता बराच काळ झाला.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात दोन्ही घरं एकदमच विकायला निघाली. आईच्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून आई-नानांनी जळगावला माझ्या घराजवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत यायचं ठरवलं. तिकडे अक्कांची सून कॅन्सरने गेल्यापासून त्यांच्या मुलाचं त्या घरात मन रमेना. तो पुण्याला गेला आणि आता अक्कांनाही बोलावत होता. ती सून माझ्याच वयाची. मी बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा माझ्या मुलीला रोज न्हाऊ घालायला तीच यायची, आणि तिच्या हातात बाळ रडायचं नाही याचा तिला फार अभिमान होता.

गिऱ्हाईक आलं ते दोंडाईच्याजवळच्या गावातलं. शेतकरी कुटुंब होतं, नातवंडांच्या शाळेसाठी धुळ्यात घर हवं होतं. आजोबा, म्हणजे आबा, त्यांचा मुलगा आणि सून असे तिघं आले. मी त्या रविवारी मुद्दाम जळगावहून मदतीला गेले होते.

पोचले तर मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट जागेवर नव्हतं. ते समोरच्या भिंतीला लावलं होतं, जिथे पावसाळ्यात ओल यायची. फरशीवर ओढल्याचे ताजे ओरखडे होते. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "काल दुपारी हलवलं त्यांनी. मी काही बोलले नाही." आणि ती चहाचं आधण ठेवायला गेली.

नाना आयुष्यभर कुणाचा फुकट चहा न पिणारा माणूस. ऑफिसातल्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवरही मला चित्र काढू द्यायचे नाहीत, सरकारी आहे म्हणायचे. त्या माणसाने कपाट ओढलं होतं. मी कपाटाकडे पाठ करून उभी राहिले.

आबांनी घर शांतपणे बघितलं. बोटाच्या पेराने भिंती वाजवल्या, नळ सोडून पाण्याची धार पाहिली. सून स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून वरच्या फळीला हात पुरतो का ते बघत होती. मग ती मंडळी शेजारी गेली. भिंतीपलीकडून त्यांचे आवाज येत होते, तोच नळ सोडल्याचा, तीच दारं उघडल्याचा. नाना खुर्चीत बसून ऐकत होते. अक्कांनी मागे पेरू लावलेला, घराला नुकताच रंगही दिलेला. त्यांचं घर आमच्यापेक्षा बरं दिसतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

थोड्या वेळाने ती मंडळी पुन्हा आमच्याकडे आली. आबा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "दोन्ही घरं सारखीच शेतस. मंग कोनतं लेवानं?"

त्यांचा मुलगा हसत म्हणाला, "मला तर पलीकडचं आवडलं. मागे झाड आहे, पोरांना खेळायला बरं."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. नाना जरा पुढे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या घरात लहान मुलं आहेत म्हणून सांगतो. त्या घराच्या मागच्या खोलीत त्यांची सून गेली. तरणीताठी पोरगी."

एवढंच म्हणाले. कशाने गेली ते सांगितलं नाही. आबांच्या सुनेने पदर सावरला आणि नवऱ्याकडे बघितलं. तिच्या मनात काय आलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"कॅन्सर होता तिला," मी म्हणाले. माझा आवाज उगाच मोठा निघाला. "वर्षभर अक्कांनीच तिचं सगळं केलं."

"हो हो, आजारच होता," नाना म्हणाले आणि त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

कुणी बिस्किट घेतलं नाही. जाताना मात्र ती मंडळी पुन्हा अक्कांच्या फाटकातून आत शिरली.

"असं का बोललात?" मी विचारलं.

"त्यात खोटं काय होतं?" नाना म्हणाले. पण माझ्याकडे बघून नाही.

संध्याकाळी मी अक्कांकडे गेले. त्या ओसरीत मेथी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून एक जुडी ओढून घेतली. त्याच म्हणाल्या, "ते दोंडाईच्याचे परत आले होते. सून इथेच गेली का म्हणून विचारत होते. म्हटलं, हो, माझ्या मांडीवर गेली."

मी काड्या खुडत राहिले.

"कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही," अक्का म्हणाल्या. "मग तुमच्या घराचं विचारलं. ओल येते का म्हणे. मी म्हटलं, भिंत एकच आहे, आमच्याकडे येत नाही तर त्यांच्याकडे कुठून येणार?"

दर पावसाळ्यात आमच्या त्या भिंतीला चुना लावायची आठवण अक्काच करून द्यायच्या. मला तिथे बसवेना. मेथी अर्धवट टाकून, आई एकटी आहे असं काहीतरी सांगून मी उठले. खरं तर आई एकटी नव्हती, नाना घरातच होते.

घरी येऊन मी नानांना अक्का काय बोलल्या ते जसंच्या तसं सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली घेतला नाही, पण पुढचं पानही उलटलं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आत्ताच जाऊन या अक्कांकडे." नाना उठले, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेले. मग परत आले. "झोपल्या असतील," म्हणाले. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्या आम्हा तिघांनाही ऐकू येत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा फोन आला. त्यांना आमचं घर हवं होतं. नानांनी त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आबा, एक सांगायचं राहिलं. मागच्या खोलीत कपाटामागच्या भिंतीला ओल येते. पुन्हा येऊन बघा, मग बोला." ते पुन्हा आले, कपाट सरकवून बघितलं, किंमत थोडी खाली आणली आणि घर घेतलं. ओलीचं नानांनी निस्तरलं. पण सुनेबद्दलचं ते वाक्य कुणाला फोन करून परत घेता येण्यासारखं नव्हतं.

आम्ही निघालो त्या दिवशी अक्कांनी वाटेत खायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत दिलं. नाना टेम्पोत ड्रायव्हरशेजारी आधीच जाऊन बसले होते. अक्का खिडकीपाशी गेल्या. "भाऊ, तब्येतीला जपा," म्हणाल्या. नानांनी मान हलवली.

त्यानंतर अक्कांचं घर बरेच महिने पडून राहिलं. बघायला लोक यायचे, मागच्या खोलीचं विचारायचे आणि जायचे. ही बातमी आता देवपूरभर झाली होती. शेवटी ते गेलं, आमच्यापेक्षा कमीतच गेलं. आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

यंदा उन्हाळ्यात एका लग्नाला अक्का जळगावला आल्या. न कळवताच आई-नानांकडे आल्या. मीही तिथेच होते. बेल वाजली, आईने दार उघडलं, अक्कांचा आवाज आला, आणि नाना सोफ्यावरून उठून बाथरूममध्ये गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. आम्ही बोलत बसलो. पन्हं झालं, पुण्याच्या गप्पा झाल्या, आईचे गुडघे झाले. नळ चालूच होता. अक्का अधूनमधून त्या दाराकडे बघत होत्या. मी दोनदा उठले आणि दोन्ही वेळा पुन्हा बसले.

अखेर त्या उठल्या. "भाऊंना सांग, मी येऊन गेले," मला म्हणाल्या. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले.

परत आले तर नाना बाहेर येऊन उभे होते. खांद्यावर टॉवेल होता. हात कोरडे होते, टॉवेलही कोरडाच. "गेल्या का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले आणि चालू राहिलेला नळ बंद करायला आत गेले.