पांढऱ्या फरशीवर पांढरी पट्टी

पांढऱ्या फरशीवर खूण करायला पांढरीच चिकटपट्टी लावणारा शहाणा अख्ख्या बंगळुरात एकच होता, आणि तो मी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. यशवंतपूरकडच्या एका इस्पितळात शस्त्रक्रियेच्या वेळी एक्स-रेचं फिरतं यंत्र सांभाळायची माझी नोकरी. रिक्षा उलटून ओटीपोटाचं हाड मोडलेली एक बाई आली. निपाणीची, पाचवा महिना. डॉक्टर म्हणाले, हाड सरकलंय, स्क्रू घालावाच लागेल. पण किरण पोटातूनच जाणार, तेव्हा फोटो अगदी मोजके.

म्हणून आदल्या दिवशी मी रिकाम्या टेबलाभोवती यंत्र फिरवून पाहिलं. चाकं जिथे थांबवायची तिथे फरशीवर पट्ट्या लावल्या. शोधाशोधीत एकही फोटो वाया जायला नको. वॉर्डात तिने विचारलं, "अण्णा, बाळाला लई नाही ना लागायचं?" मी ऐटीत म्हणालो, स्वल्प, अगदी स्वल्प.

दुसऱ्या दिवशी यंत्राचा पडदा नीट दिसावा म्हणून दिवे मंद केले, आणि माझ्या पट्ट्या फरशीत विरघळून गेल्या. मी अंदाजाने यंत्र लावलं, पायाखालची कळ दाबली. पडद्यावर नुसती मांडी. मग शिशाचा जड एप्रन सावरत मी गुडघ्यांवर बसलो आणि आंधळ्यासारखं चाचपत पट्ट्या शोधल्या. पुढचे नऊ फोटो बरोबर आले.

चौथ्या दिवशी बाळाचे ठोके लागेनात. पडतानाच्या माराने गेलं, फोटोंनी नव्हे, असं डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला समजावलं. मलाही बाजूला घेऊन तेच सांगितलं. मला ते ठाऊक होतंच. ठाऊक असून काही उपयोग होत नव्हता, एवढंच.

मी तिच्या खाटेजवळून जाताना तिने हाक मारली. "अण्णा, किती फोटो झालं?"

"नऊ," मी म्हणालो.

"लई कमी काढलासा," ती म्हणाली, आणि तिने हात जोडले.

घरी आल्यावर जेवता जेवता बायकोला सगळं सांगितलं. तिने माझं ताट उचललं, तसंच परत ठेवलं. मग आत जाऊन चिकपेटेच्या बाजारातून आणलेलं टिकल्यांचं नवं पाकीट घेऊन आली आणि माझ्या शर्टाच्या खिशात सरकवलं.

"लाल आहेत, दिसतील," ती म्हणाली. "आणि उद्या तिला दहा झाले म्हणून सांगून या."