वेल्डरची झोप आणि बायकोचं जागरण

वेल्डर इतका गरीब माणूस, की वर्कशॉपमध्ये त्याला सगळे ‘गाय’च म्हणत. गिऱ्हाईक अंगावर धावून आलं तरी हा आपला चष्मा पुसत उभा. पण बायकोचा हात मोडला, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं त्याला खोलीबाहेर काढलं आणि तिला एकटीला विचारलं, “घरी कोणी मारतं का?”

दाराआडून ऐकून त्याचं डोकंच फिरलं. ही बया समजते कोण स्वतःला! तो आत घुसणार होता, पण बायको ‘नाही’ म्हणायचं सोडून नुसतं ‘पाय घसरला’ एवढंच पुटपुटली, आणि दाराला लावलेला हात त्यानं मागे घेतला.

घरी आल्यावर तिनं सांगून टाकलं. पाय वगैरे काही घसरला नव्हता. रात्री तो किंचाळत उठतो. डोळे सताड उघडे, पण समोर कोण आहे ते कळत नाही. दाराकडे धावतो, आणि ती आडवी गेली की त्याचे हात चालतात. मग थोड्या वेळानं जिथे असेल तिथेच आडवा होऊन घोरायला लागतो. सकाळी त्याला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. थोरली शाळेत जायला लागली तेव्हापासून हे चाललं होतं, आणि आता थोरलीचं लग्नही झालं होतं.

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? भाजी खारट झाली तर तेवढं सांगायलाही तुम्ही लाजता. हे ऐकून हाय खाल्ली असतीत.”

आता बोला! बाईनं नवऱ्याची अब्रू नवऱ्यापासूनच झाकून ठेवली होती. तो लहान मुलासारखा रडला.

झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. वेड लागलंय असं त्या म्हणाल्या नाहीत, यानंच त्याला अर्धा धीर आला. डबल ड्यूटी बंद, शनिवारचा पेला बंद, खोलीतलं लोखंडी टेबल बाहेर. बायकोला त्यांनी बजावलं, “धरायचं नाही, आडवं जायचं नाही. रोज ज्या सुमाराला होतं, त्याच्या जरा आधी हळूच उठवायचं.” सुमार तिला पाठच होता. इतकी वर्षं रात्रीची ती दुसरं करत काय होती?

हळूहळू किंचाळणं थांबलं. वेल्डरच्या गालावर मांस आलं, कामावर तो गाणी म्हणायला लागला, तीही बेसूर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता उठवायचीही गरज नाही. त्याच दिवशी बायकोनं आपली गादी स्वयंपाकघरात नेली आणि आतून कडी लावून झोपली. होईल सवय, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण महिने गेले, तरी कडी काही निघाली नाही. आपल्याला सगळं परत मिळालं आणि हीच तेवढी हातची गेली, या विचारानं तो आतून कुरतडला जात होता.

एका सुट्टीच्या दुपारी त्यानं धीर करून विचारलं, “ये ना आता आपल्या खोलीत. मी बरा झालोय गं.”

“झालात हो, मला का दिसत नाही?” ती मनापासून हसली. “आजच येते.”

त्याला काय करू नि काय नको असं झालं. कपाटावरची तिची रजई काढायला त्यानं झटकन हात वर केला.

ती खाली बसली. दोन्ही हातांनी डोकं घट्ट झाकून, भिंतीला अंग चिकटवून.

“अगं, मी आहे,” तो म्हणाला.

“माहितेय,” ती म्हणाली, पण हात काही खाली घेईना.